दोन प्रकारचे हसू

हसू सर्वांनाच प्रिय असते. परंतु प्रत्येक हसू सारखे नसते. वर्गात एखादा मुलगा धडा वाचावयास उभा राहतो. एका शब्दाशी तो अडखळतो, पुन्हा प्रयत्न करतो आणि पुन्हा अडखळतो. मागच्या बाकावरून कुणीतरी खुदकन हसते आणि पाहता पाहता सारा वर्ग हसू लागतो. मुलगा मुकाट्याने खाली बसतो. त्या दिवशी मिटलेले पुस्तक पुष्कळदा पुन्हा उघडतच नाही. वाचता न येण्याचे दुःख एकपट, तर त्याची लाज दसपट असते.

अशा मुलांची चिंता अमेरिकेतील काही जाणत्या माणसांना लागली होती. न्यूयॉर्कच्या ‘चिल्ड्रन्स टेलिव्हिजन वर्कशॉप’ ह्या संस्थेने १९६९ साली अगदी लहान बालकांसाठी ‘सेसमी स्ट्रीट’ ही मालिका सुरू केली होती. पण जी मुले शाळेत जाऊनही वाचनात मागे पडली, त्या सात ते दहा वर्षांच्या मुलांचे काय? त्यांना पुन्हा मुळाक्षरे गिरवावयास लावली, तर ‘हे तर बाळांचे!’ म्हणून ती तोंड फिरविणार. तेव्हा संस्थेने निराळीच वाट धरली. २५ ऑक्टोबर १९७१ रोजी ‘द इलेक्ट्रिक कंपनी’ ही मालिका दूरचित्रवाणीवर अवतरली. चिमुकल्या विनोदी प्रहसनांची ती जणू माळच होती.

पडद्यावर दोन मुखांच्या काळ्या छायाकृती समोरासमोर येत. एकीच्या मुखातून शब्दाचा पहिला तुकडा बाहेर पडे, दुसरीच्या मुखातून उरलेला. मग दोघी मिळून अख्खा शब्द उच्चारीत. ‘लेटरमन’ नावाच्या चित्ररूप वीराची कथा तर फारच गमतीची. एक दुष्ट जादूगार शब्दातील एखादे अक्षर बदलून अनर्थ घडवी आणि लेटरमन योग्य अक्षर बसवून तो निवारी. दिव्यातील ‘वात’ एका अक्षराच्या बदलाने ‘वाघ’ व्हावी, तशीच ती करामत! १९७४ पासून स्पायडरमॅनही ह्या मेळ्यात आला. पण तो चकार शब्द बोलत नसे. त्याचे बोलणे डोक्याजवळच्या फुग्यात लिहिलेले असे. ते कळावयास हवे, तर वाचण्यावाचून गत्यंतर नव्हते.

पुढे चित्रपटांत विख्यात झालेले मॉर्गन फ्रीमन येथे ‘ईझी रीडर’ होत. वाचनाचे वेड लागलेला हा गृहस्थ, जे दिसेल ते वाचीत सुटे. ऑस्कर पारितोषिक मिळविलेल्या रीटा मोरेनो ह्या अभिनेत्रीही नाना सोंगे घेऊन मुलांना हसवीत. ह्या प्रहसनांत घोटाळे करणारी आणि फजीत होणारी माणसे बहुधा मोठीच असत. त्यामुळे पडद्यासमोरचा अडखळणारा मुलगा प्रथमच हसणाऱ्यांच्या बाजूला आला. चुकणे म्हणजे जगबुडी नव्हे, हे त्याला कुणी न सांगता उमगले.

मालिकेचे चित्रण १९७७ साली थांबले. तत्पूर्वी तिच्या परिणामांची परीक्षाही झाली होती. वर्गात शिक्षकांसमवेत ती पाहणाऱ्या मुलांच्या वाचनात स्पष्ट प्रगती आढळली. नुसती घरी बसून पाहणाऱ्यांत तसा फरक दिसून आला नाही. ह्यात नवल ते काय? हसू दार उघडते. पण उंबरठा ओलांडताना कुणीतरी हात धरावा लागतो.

आजही कुठल्यातरी वर्गात एक मुलगा पुस्तक घेऊन उभा असेल आणि एका शब्दाशी थांबला असेल. त्याच्या मागे बसलेल्या मुलांपाशी दोन्ही प्रकारचे हसू आहे. त्यांतले कोणते ओठांवर येते, ह्यावर त्याचे पुस्तक उघडे राहील की मिटेल, हे ठरणार आहे.