हेमन्स ग्रीनचं तळघर

लिव्हरपूलच्या वेस्ट डर्बी या शांत उपनगरात हेमन्स ग्रीन नावाचा रस्ता आहे. तिथे आठ क्रमांकाचं, पंधरा खोल्यांचं एक व्हिक्टोरियन घर आहे आणि त्या घराच्या पोटात एक तळघर. उंचीनं बेताचं, अंगानं दणकट, स्वभावानं कोंदट. एकमेकींना चिकटलेल्या लहान खोल्या, मध्ये अरुंद वाटा. वर राहणाऱ्यांना थंडी वाजली की कोळसा पुरवायचा, एवढंच असल्या तळघराचं काम. पण १९५९च्या उन्हाळ्यात हे तळघर मोना बेस्टच्या नजरेत भरलं.

बीटल्स आणि हिंदुस्थान म्हटलं की आपल्याला १९६८चं हृषीकेश आठवतं, रविशंकर आणि सतार आठवते. त्या नात्याचा पहिला धागा मात्र, बीटल्स सुरुवातीला जिथे वाजवत, त्या याच तळघरात सापडतो. मोनाचा जन्म १९२४ साली दिल्लीत झाला. तिचा थोरला मुलगा पीट १९४१ साली मद्रासमध्ये जन्मला. युद्ध संपल्यावर हे कुटुंब सैनिकांच्या जहाजातून निघालं आणि १९४५च्या नाताळच्या दिवशी लिव्हरपूलच्या धक्क्याला लागलं. हेमन्स ग्रीनचं घर कसं आलं, याची हकिकत बेस्ट कुटुंबात मोठ्या अभिमानानं सांगतात. १९५४च्या डर्बी शर्यतीत ‘नेव्हर से डाय’ नावाचा घोडा धावत होता. भाव एकास तेहतीस. मोनानं दागिने गहाण टाकून त्याच्यावर पैसे लावले. लेस्टर पिगट या कोवळ्या जॉकीनं तो घोडा जिंकून आणला, आणि पुढे त्याच पैशांतून हे घर झालं. अशा बाईच्या घरातलं तळघर नुसता कोळसा सांभाळत बसेल, हे शक्यच नव्हतं.

पीट आणि रोरी या मुलांच्या मित्रांचा घरात सारखा राबता असे. त्याच सुमारास मोनानं टीव्हीवर लंडनच्या ‘टू आइज’ या कॉफी बारविषयी पाहिलं. सोहो भागातल्या त्या तळघरात तरुण पोरं गाणी म्हणत आणि त्यातून नामवंत गायक निघत. मोनानं ठरवलं, पोरं येतातच आहेत तर खाली येऊ देत. दारू नाही. कॉफी, शीतपेयं, केक, आणि नाचायला जागा. दंगेखोरांना दारातच अडवता यावं म्हणून सभासदत्व ठेवलं, वर्षाची वर्गणी हाफ क्राउन. एका जुन्या चित्रपटातल्या अल्जीअर्सच्या वस्तीवरून नाव दिलं: कॅस्बा.

आता या तळघराचा स्वभाव दिसू लागतो. आलेल्या माणसाला ते आधी कामाला लावतं. उद्घाटनाच्या रात्री लेस स्ट्युअर्ट क्वार्टेट हा वाद्यवृंद वाजवणार होता. त्यातला केन ब्राउन नावाचा गिटारवाला तळघर रंगवण्यात इतका गुंतला की त्याच्या तालमी बुडाल्या. लेस स्ट्युअर्ट चिडला, वाजवणार नाही म्हणाला, आणि उद्घाटन तोंडावर असताना तो वाद्यवृंद फुटला. त्याच वाद्यवृंदात सोळा वर्षांचा एक मुलगा गिटार वाजवत होता, जॉर्ज हॅरिसन. त्यानं आपल्या दोन मित्रांना बोलावलं, जॉन लेनन आणि पॉल मॅकार्टनी.

कॅस्बाची खरी थोरवी मला इथे वाटते. जॉनचा ‘क्वारीमेन’ हा संच, म्हणजे पुढचे बीटल्स, त्या वर्षी जवळजवळ विझला होता. कार्यक्रम मिळत नव्हते. जॉर्ज दुसऱ्यांबरोबर वाजवत होता, आणि ड्रम वाजवायला तर कुणीच उरलं नव्हतं. कुणी त्याबद्दल विचारलं की ताल आमच्या गिटारमध्येच आहे, असं ही मुलं ठोकून द्यायची. बीटल्सचं मोठेपण पुढे हॅम्बुर्गनं घडवलं, कॅव्हर्न क्लबनं गाजवलं, व्यवस्थापक ब्रायन एप्स्टाइननं बाजारात आणलं. पण घडवायला, गाजवायला आधी काही शिल्लक असावं लागतं. ते शिल्लक ठेवलं या तळघरानं. दर शनिवारी एकत्र यायला त्यानं या तिघांना कारण दिलं.

जॉन आणि पॉल आले ते वाजवायला, पण आल्याबरोबर मोनानं त्यांच्या हातात ब्रश दिले. पॉलनं एका छतावर इंद्रधनुष्यासारखे पट्टे ओढले. जॉननं दुसऱ्या छतावर जुन्या मेक्सिकोच्या धर्तीची नक्षी आणि चित्रविचित्र आकृत्या काढल्या. जॉनची नजर अधू. त्यानं साध्या रंगाऐवजी चकचकीत तैलरंगाचा डबा उचलला आणि तो रंग लवकर वाळेना, अशी गोष्ट तिथे सांगतात. पुढे जॉनची पत्नी झालेल्या सिंथियानं भिंतीवर त्याची छायाकृती रंगवली. कुठे कोळी, कुठे ड्रॅगन, कुठे तारे. या रंगकामाला मी हौस म्हणून सोडून देणार नाही. जॉन लिव्हरपूलच्या कला महाविद्यालयात शिकत होता, तिथे त्याचा जीव रमत नव्हता. इथे मात्र त्यानं अख्खं छत मनापासून भरलं. ज्या जागेला स्वतःच्या हातानं रंग दिला, तिथे वाजवताना माणूस पाहुण्यासारखा वाजवत नाही.

२९ ऑगस्ट १९५९च्या रात्री सुमारे तीनशे पोरंपोरी त्या तळघरात उतरली. गिटारी चार, मायक्रोफोन एक, ड्रम नाही. हवा खेळायला वाव नव्हता. नाच सुरू झाला तसा उकाडा वाढला आणि श्वास घेणं जड होऊ लागलं. तरी मंडळी हलेनात. मोनानं शनिवार जॉन, पॉल, जॉर्ज आणि केन ब्राउन या चौघांच्या नावे करून टाकला. मोबदला एका रात्रीचे तीन पौंड, प्रत्येकी पंधरा शिलिंग.

या पंधरा शिलिंगांवरूनच पुढे वाजलं. ऑक्टोबरातल्या एका शनिवारी केन ब्राउनची तब्येत बरी नव्हती. मोनानं त्याला वाजवू दिलं नाही, पण रात्र संपल्यावर त्याचे पंधरा शिलिंग मात्र त्याला दिले. बाकीच्या तिघांचं म्हणणं, ज्यानं वाजवलं नाही त्याचा वाटा आम्हाला मिळाला पाहिजे. मोना हटली नाही. तिघे तणतणत निघून गेले. सात शनिवारांचा संसार मोडला. या भांडणात मी मोनाच्या बाजूचा आहे. ज्या मुलानं तिचं तळघर रंगवण्यापायी आपला वाद्यवृंद गमावला, त्याला आजारपणात रिकाम्या हातानं पाठवणं तिला जमलं नसतं. तिचा हिशेब घरातल्या माणसाचा होता, बाकीच्यांचा रोजंदारीचा. दोन्ही खरे, म्हणूनच समेट होईना.

तिघे गेले तरी तळघर थांबलं नाही. केन ब्राउननं पीटला घेऊन ‘ब्लॅकजॅक्स’ नावाचा नवा संच काढला. पीट ड्रमवर बसला आणि याच खोल्यांत हात बसवू लागला. वर्षभरानं, ऑगस्ट १९६०मध्ये, आता बीटल्स झालेल्या त्या पोरांना हॅम्बुर्गचं बोलावणं आलं. ड्रमवाला हवा होता, तोही तातडीनं. तो सापडला कॅस्बात. ज्या तळघरानं त्यांना ड्रमशिवाय उभं राहू दिलं होतं, त्यानंच त्यांना ड्रमवादक तयार करून दिला. चारच दिवसांत पीट त्यांच्याबरोबर जर्मनीला निघाला.

हॅम्बुर्गहून ते वर्षअखेरीला परतले ते विस्कटून. जॉर्ज वयानं लहान म्हणून परत पाठवला गेला, पॉल आणि पीट यांची पोलिसांनी रवानगी केली, बेस वाजवणारा स्टुअर्ट सटक्लिफ तिकडेच राहिला. अशा वेळी पहिला कार्यक्रम कुठे? १७ डिसेंबर १९६०ला, कॅस्बात. बेसवर ब्लॅकजॅक्समधला चॅस न्यूबी. जुनं भांडण कुणी उकरून काढलं नाही. या वेळी ऐकणाऱ्यांना कळलं की गेली ती पोरं वेगळी होती आणि आली ती वेगळी आहेत. हॅम्बुर्गच्या रात्री-रात्री चालणाऱ्या वाजवण्यानं त्यांच्या अंगात ताकद भरली होती. फेब्रुवारी १९६१मध्ये ते मॅथ्यू स्ट्रीटवरच्या कॅव्हर्नमध्ये दुपारच्या वेळी वाजवू लागले. मोना त्यांच्यासाठी फोन करी, कार्यक्रम ठरवी. तिच्याच घरात राहणारा नील ॲस्पिनल आपल्या व्हॅनमधून त्यांना आणि त्यांच्या वाद्यांना गावोगाव पोचवी.

१९६२चा उन्हाळा या घरावर एकदम कोसळला. २४ जूनला कॅस्बाची शेवटची रात्र झाली. वाजवायला बीटल्सच होते. २१ जुलैला मोनाला नीलपासून मुलगा झाला, त्याचं नाव रोग (Roag). आणि १६ ऑगस्टला एप्स्टाइननं पीटला बोलावून सांगितलं की संचाला तू नको आहेस. त्याच्या जागी रिंगो स्टार आला. नील पीटचा जिवलग मित्र, त्याच्याबरोबर नोकरी सोडायला निघाला होता. पीटनंच त्याला थांबवलं. नील राहिला, आणि पुढे बीटल्सच्या ‘ॲपल’ कंपनीचा कारभार त्यानं कित्येक वर्षं सांभाळला. पीटवर अन्याय झाला की संगीताच्या दृष्टीनं तो निर्णय बरोबर होता, यावर आजही वाद होतात. मला दुखतं ते वेगळं. जॉन, पॉल, जॉर्ज या तिघांपैकी एकानंही पीटला समोर बसवून सांगितलं नाही. ज्या घरात खाल्लं, रंगवलं, भांडलं, तिथल्या मुलाला निरोप परक्याकरवी गेला.

मोनानं मात्र दार लावून घेतलं नाही. १९६७ साली बीटल्सच्या ‘सार्जंट पेपर’ या अल्बमच्या मुखपृष्ठाची तयारी चालली होती. जॉनला लष्करी पदकं हवी होती. हिंदुस्थानात नोकरी केलेल्या मोनाच्या वडिलांची पदकं त्याच्या लक्षात होती. त्यानं मागितली, तिनं दिली.

बीटल्सनी जिथे जवळपास तीनशे वेळा वाजवलं, तो मूळ कॅव्हर्न १९७३मध्ये बंद झाला आणि बुजवला गेला. आज मॅथ्यू स्ट्रीटवर प्रवासी पाहतात तो १९८४मध्ये नव्यानं बांधलेला आहे. कॅस्बावर ती वेळ आली नाही, कारण ती कुणाच्या व्यापाराची जागा नव्हती. वर कुटुंब राहत होतं, खाली बंद तळघर होतं, आणि विकायचा विषय नव्हता. मोना १९८८ साली वारली, पण घर बेस्टांकडेच राहिलं. २००६ साली ब्रिटनमध्ये या तळघराला संरक्षित वारसा वास्तूचा दर्जा मिळाला, त्यात या पोरांनी रंगवलेल्या छतांचा मोठा वाटा आहे. लिव्हरपूलला जाणाऱ्या मराठी माणसाला माझं सांगणं आहे की मॅथ्यू स्ट्रीटची गर्दी पाहून झाली की वेस्ट डर्बीसाठी अर्धा दिवस काढून ठेवा, आणि तळघरात उतरलात की आधी छताकडे बघा.