कोठीचं दार

प्रार्थना शिकवायची म्हणजे शब्द शिकवायचे, असं आपण धरूनच चालतो. संडे स्कूलमध्ये मूल आलं की आधी प्रभूची प्रार्थना पाठ होते, बाकीचं पुढे. मत्तयाच्या शुभवर्तमानाच्या 6व्या अध्यायातला क्रम मात्र उलटा आहे. येशू प्रार्थनेचे शब्द देतो 9व्या वचनापासून. त्याआधी, 6व्या वचनात, तो आत जाऊन दार लावून घ्यायला सांगतो. मराठी बायबलात तिथे ‘खोली’ आहे. मूळ ग्रीक शब्द ‘तामेइऑन’, म्हणजे मुळात कोठी, साठवणीची जागा. लूकच्या 12व्या अध्यायात कावळ्यांजवळ कोठी नसते असं म्हटलंय, तिथेही हाच शब्द. त्या काळच्या साध्या घरात प्रार्थनेसाठी वेगळी खोली कुठून असणार? धान्य आणि तेल ठेवायची आतली अंधारी जागा, तेवढाच आडोसा. येशू तिथे पाठवतो, कारण तिथे बघणारं कुणी नसतं. ऐकणारी माणसं समोर असली की शब्द त्यांच्यासाठी सजू लागतात, आणि ही सवय एकदा लागली की सुटता सुटत नाही. म्हणून दार आधी, शब्द नंतर.

यावर कुणी म्हणेल, दार लावलं की माणूस आपल्यापुरता होतो, मंडळी मागे पडते. उत्तर त्याच उताऱ्याच्या व्याकरणात आहे, आणि मराठीत ते लख्ख दिसतं. कोठीत जाणारा ‘तू’ आहे. शब्द मिळतात ते ‘तुम्हांला’. त्या प्रार्थनेत ‘मी’ एकदाही येत नाही. कोठीत, साठवलेल्या धान्याशेजारी उभं राहून माणूस मागतो ती भाकर फक्त आजची, आणि तीही ‘आमची’. एकांताने स्वार्थ वाढतो म्हणणाऱ्यांनी या एका शब्दापाशी थांबावं.

दुसरा आक्षेप पाठांतरावर. 7व्या वचनात पोकळ बडबड नको म्हटलंय, मग रोज तेच शब्द कशाला? पण गेथशेमाने बागेत येशूने तिसऱ्यांदाही तेच शब्द उच्चारले, असं मत्तयच 26व्या अध्यायात सांगतो. तेव्हा दोष पुन्हा म्हणण्यात नाही. जास्त बोललं की देव जास्त ऐकतो, या हिशेबात आहे.

शिकवणाऱ्यांना एकच विनंती. येत्या रविवारी पाठ म्हणवून घेण्याआधी मुलांना पाच मिनिटं गप्प बसू द्या, आणि कुणाचे डोळे मिटलेत ते बघत फिरू नका.