घर सोडलं की सुटलं, असं मला वाटायचं

बहुपत्नीक, कर्मठ पंथाच्या घरात वाढलेल्या मुलीला सावरायचं असेल तर तिनं त्या घराशी नातं तोडावं आणि कायद्यानं त्या घराला जरब बसवावी, असं मी कितीतरी वर्षं मानत होते. अमेरिकेतल्या युटा राज्यानं २०२० मध्ये कायदा बदलला. सज्ञान माणसांनी राजीखुशीनं केलेलं बहुपत्नीकत्व गंभीर गुन्ह्यांतून काढून किरकोळ उल्लंघनात टाकलं. मला संताप आला होता. बायकांशी ही दगाबाजी आहे, असं मी चारचौघांत बोललेही. आज तसं बोलणार नाही.

मन पालटायला सुरुवात झाली ती डोरोथी ऑलरेड सॉलोमन यांच्या आत्मकथनानं. मॉर्मन चर्चनं १८९० मध्ये बहुपत्नीकत्वाला जाहीर सोडचिठ्ठी दिली. पण काहींनी बहुपत्नीकत्व ही ईश्वराची आज्ञा मानून ते घट्ट धरून ठेवलं. अशाच एका गटाचे प्रमुख रुलन ऑलरेड हे डोरोथींचे वडील. ४८ भावंडांत त्या २८व्या. या लग्नांपायी वडील तुरुंगात जाऊन आले होते. १९७७ मध्ये प्रतिस्पर्धी पंथानं त्यांचा खून घडवून आणला. इतक्या मुलांत वाटला गेलेला बाप, हे दुःख तिथं सापडेल असं मी धरूनच चालले होते. ते आहेच. पण मला हलवून गेली ती लपवाछपवी. आपण कोणाची मुलगी, घरात आया किती, हे बाहेर बोलायचं नाही. बोललं तर बाबांना पकडून नेतील. म्हणजे त्या मुलीचा जन्म हाच बापाविरुद्धचा पुरावा. ज्या मुलीला स्वतःचं असणंच झाकून ठेवावं लागतं, तिला आपण मोलाचे आहोत असं वाटणार तरी कसं?

आणि ही भीती काल्पनिक नव्हती. २६ जुलै १९५३ रोजी पहाटे, गव्हर्नर हॉवर्ड पाइल यांच्या हुकमावरून ॲरिझोनाच्या पोलिसांनी शॉर्ट क्रीक या अशाच दुसऱ्या एका बहुपत्नीक पंथाच्या वस्तीवर धाड घातली. २६३ मुलं ताब्यात घेतली गेली; काहींना आईकडे परतायला दोन वर्षं लागली. हेतू मुलांना सोडवण्याचाच होता. पण वस्तीनं बाहेरच्या जगाला दारं आणखी घट्ट लावून घेतली, आणि त्याच बंद दारांआड पुढे त्या पंथाचा प्रमुख वॉरन जेफ्स याची सत्ता माजली. तो एखाद्या पुरुषाला अपात्र ठरवून हाकलून द्यायचा आणि त्याच्या बायका-मुलं दुसऱ्याच्या हवाली करायचा. मुलांनी त्या नव्या माणसाला वडील म्हणायचं! मुलींनी राग गिळून चेहरा गोड ठेवायचा. अल्पवयीन मुलींवरच्या अत्याचाराबद्दल २०११ मध्ये टेक्सासच्या न्यायालयानं जेफ्सला जन्मठेप दिली. कायदा इथं हवाच होता, आणि फार आधी हवा होता. युटाच्या नव्या कायद्यातही जबरदस्ती आणि फसवणूक हे गंभीर गुन्हेच आहेत. माझ्या रागाच्या भरात ही बाजू मी नीट वाचलीच नव्हती.

त्या पंथात माणसाची किंमत धर्मगुरू ठरवायचा. आणि मी काय म्हणत होते? तुझं घर सडलेलं, तुझी आई भोळसट. ते सगळं टाकून ये, मग तू आमच्यातली. किंमत ठरवणारा तेवढा बदलला, अट तशीच राहिली. आईवर माया असणं आणि आईच्या वाट्याला आलेल्या लग्नाची चीड असणं, दोन्ही एकाच मुलीच्या मनात खरं असू शकतं, हे मला मान्य करायला वेळ लागला.

डोनिया जेसप यांचं उदाहरण मला म्हणूनच मोठं वाटतं. त्या याच पंथात वाढल्या, बाहेर पडल्या, आणि ज्या गावानं त्यांना पाखंडी ठरवलं त्याच हिल्डेलमध्ये, जुन्या शॉर्ट क्रीकच्या युटाकडच्या भागात, परत आल्या. २०१७ मध्ये तिथल्या पहिल्या महिला महापौर म्हणून निवडून आल्या.

बहुपत्नीकत्व मला आजही मान्य नाही. बाईला त्यात बरोबरीची जागा मिळते असं मला कुणी पटवून देऊ शकलेलं नाही. पण मार खाणाऱ्या बाईला पोलिसांत जाताना आपणच गुन्हेगार ठरू अशी धास्ती वाटू नये, आणि तिच्या मुलीला शाळेत आपल्या सगळ्या आयांची नावं उघड सांगता यावीत, यासाठी तो २०२० चा कायदा मला आता हवा आहे.