पेण-रोह्याच्या वाटेवर : नशा आणि घरातला विश्वास

दिव्याहून सुटलेली गाडी पनवेल मागे टाकून पेणला येते. पेण म्हटले की गणपती आठवतात. येथील कारखान्यांत माती मळणाऱ्यापासून मूर्तीच्या डोळ्यांची आखणी करणाऱ्यापर्यंत सारे काम परस्परांच्या भरवशावर चालते. भरवसा मोडल्याचे दुःखही या गावाने सोसले आहे. २०१० मध्ये पेण अर्बन बँक बुडाली आणि कित्येक ज्येष्ठांची आयुष्याची पुंजी अडकली. आज मात्र बोलायचे आहे ते पैशाहून नाजूक अशा ठेवीविषयी.

२०२३ च्या पावसाळ्यात रायगडच्या किनाऱ्यावर चरसची पाकिटे वाहून आली. त्याच वर्षी डिसेंबरात खोपोलीजवळ मेफेड्रोन, म्हणजे ‘एमडी’, बनवणारा कारखाना पोलिसांनी उघडकीस आणला. ही मुंबईची दुखणी, आपल्याकडे कुठली, असे म्हणण्याची सोय त्यानंतर उरली नाही.

एमडी घरच्यांना फसवते ते तिच्या पहिल्या रूपाने. मेंदूतील डोपामाइन आणि सेरोटोनिन एकदम उसळतात. अबोल मुलगा बोलका होतो, अनोळख्याला मिठी मारतो, त्याला सारे जग आपले वाटते. काही तासांनी ती भरती ओसरते आणि मागे उरतात निद्रानाश, चिडचिड व संशय. सेवन वाढत गेले तर संशयाचा भ्रम होऊ शकतो. मग रात्रीचा सोबती विश्वासू ठरतो आणि ताट वाढणारी आजी शत्रू! आजीला वाटते, आपल्याच संस्कारांत काही उणे राहिले. तसे नसते. तो संशय तिच्या वागण्यातून नव्हे, त्या पदार्थातून आलेला असतो.

गाडी कासू, नागोठणे करीत रोह्याकडे निघते. या तासाभरात घराघरांतील आजी-आजोबांचाच विचार मनात येतो, कारण पैशांसाठी पहिला हात बहुधा त्यांच्यापुढेच पसरला जातो. नातवाला ‘नाही’ म्हणणे कठीण, हे खरे. तरी रोख रक्कम देऊ नये. फी किंवा औषध हवे असेल तर ते आपण भरावे, आणावे. झोपेच्या गोळ्या कुलपात ठेवाव्यात. नशेत असलेल्याशी वाद घालू नये, आणि तो अंगावर आलाच तर खोली सोडून ११२ ला फोन करावा. घराच्या कागदांवर घाईने सही तर मुळीच नको. सांभाळ करण्याच्या अटीवर मालमत्ता दिली असेल आणि अट मोडली गेली असेल, तर २००७ च्या ज्येष्ठ नागरिक कायद्यानुसार ती परत मागता येते.

रोह्यात कुंडलिकेच्या काठी दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी धावीर महाराजांची पालखी निघते. पोलीस सलामी देतात, पालखी दारोदार फिरते आणि गाव रात्रभर जागे असते. व्यसन शिरलेले घर मात्र एरवी दार लावून बसते. पाहुणे नकोत, शेजारी नकोत. मला वाटते, खरी हानी इथे होते. व्यसनी माणसावरचा विश्वास उडतो, तसा घराचा गावावरचाही उडतो.

पांडुरंगशास्त्री आठवले याच रोह्याचे. काही न मागता परक्याच्या घरी जायचे, ही त्यांच्या भावफेरीची रीत. कोळी वस्त्यांतून अनेकांनी दारू सोडली, ती अशाच येण्याजाण्यातून.

पोलिसांच्या भीतीने पुष्कळ घरे उपचार लांबवतात. पण सेवनाचा किंवा अल्प साठ्याचा आरोप असलेल्या व्यसनी व्यक्तीने स्वेच्छेने मान्यताप्राप्त केंद्रात उपचार घेतले, तर तिला खटल्यापासून संरक्षण देण्याची तरतूद १९८५ च्या अमली पदार्थविरोधी कायद्यात आहे. १४४४६ या राष्ट्रीय क्रमांकावर सल्ला मिळतो. पुण्यात १९८६ मध्ये अनिल आणि सुनंदा अवचट यांनी सुरू केलेले मुक्तांगण आजही कार्यरत आहे.

उपचार घेऊन आलेल्या मुलाच्या हाती लगेच तिजोरीची किल्ली देऊ नये, आणि उठता-बसता त्याचे खिसेही तपासू नयेत. दूध आणायला पाठवावे, उरलेले सुटे पैसे त्याच्याकडून मागून घ्यावेत. पुढल्या महिन्यात वीजबिल भरायला द्यावे. आणि शेजारच्या काकूंना पुन्हा चहाला बोलवावे.