व्होल्टेजच्या गल्लीत

रिमोटच्या गाडीसाठी ब्रशलेस मोटार घ्यायचीय? मग चला बुधवार पेठेत. फक्त जाताना एका प्रश्नाचं उत्तर खिशात ठेवा!

दगडूशेठला नमस्कार, आप्पा बळवंत चौकात पुस्तकं आणि लक्ष्मी रोडवर साडीखरेदी. बहुतेकांची बुधवार पेठ एवढ्यातच आटोपते. पण इथंच पासोड्या विठोबाच्या आसपास आणि तपकीर गल्लीत एक वेगळीच दुनिया आहे. पूर्वी देवळापाशी पासोड्या विकायला बसायचे, म्हणून विठोबाला ते नाव पडलं म्हणतात. आता तिथं एलईडीच्या माळा, वायरची भेंडोळी आणि सोल्डरिंग गन! फायनल इयरच्या प्रोजेक्टसाठी या गल्ल्यांत चकरा मारल्या नाहीत, असा इंजिनीअर पुण्यात शोधूनच काढावा लागेल.

हल्ली या गर्दीत आणखी एक जमात दिसते. वय पंचवीस ते पस्तीस, गळ्यात कंपनीचं आयकार्ड, पाठीवर लॅपटॉपची सॅक. यांना हवी असते रिमोटच्या गाडीसाठी मोटार. खेळण्यांच्या दुकानातली गाडी नव्हे हं! खऱ्या गाडीच्या एक दशांश मापाची, सस्पेन्शन, डिफरन्शियल सगळं असलेली.

माझा एक मित्र याच जमातीतला. बोनस जमा झाला आणि स्वारीनं मला शनिवारी गल्लीत ओढून नेलं. "सगळ्यात फास्ट मोटार दाखवा," त्यानं काउंटरवर ऑर्डर सोडली.

काकांनी चष्म्यावरून बघितलं. "चालवणार कुठं?"

पुण्यातला दुकानदार तो! माल नंतर, प्रश्न आधी.

"सोसायटीच्या पार्किंगमध्ये. भाचा असतो बरोबर, नऊ वर्षांचा."

"मग फास्टचं काय घेऊन बसलात?"

मित्राचा चेहरा उतरला. पण पुढचा अर्धा तास काकांनी जो क्लास घेतला, तो कुठल्याही कॉलेजात मिळाला नसता.

केव्हीचा फंडा

काचेवर दोन मोटारी आल्या. पहिली ड्रोनची, '२२१२'. तिचं बाहेरचं कवचच फिरतं. दुसरी '३६५०', म्हणजे ३६ मिलिमीटर व्यासाची आणि ५० मिलिमीटर लांबीची. तिचं कवच स्थिर, फक्त आतला दांडा फिरतो. एक दशांश मापाच्या गाडीला साधारणपणे ही दुसरी. दोन्हींत घासणारे कार्बन ब्रश नाहीत, म्हणून त्या ब्रशलेस.

मोटारीवर लिहिलं होतं '३३०० केव्ही'. हे किलोव्होल्ट नव्हेत. मोटार मोकळी फिरताना एका व्होल्टला मिनिटात किती फेरे मारेल, त्याचा हा आकडा. आता बॅटरी बघा. लिपो बॅटरीचा एक सेल ३.७ व्होल्टचा. दोन सेलची '२-एस' म्हणजे ७.४ व्होल्ट, तीन सेलची '३-एस' म्हणजे ११.१.

काकांनी बिलाच्या पाठीमागंच गुणाकार मांडला. ३३०० गुणिले ७.४ म्हणजे मिनिटाला २४,४२० फेरे. तीच मोटार ३-एसवर लावली, तर ३६,६३०! गिअरनं फेरे दहापट कमी केले आणि चाक दहा सेंटिमीटरचं धरलं, तर पहिल्या गाडीचा वेग कागदावर ताशी ४६ किलोमीटर, दुसरीचा ६९. वजन आणि हवेचा विरोध यामुळे प्रत्यक्षात तो कमी भरतो. तरी बेसमेंटच्या पार्किंगमध्ये ४६ म्हणजेसुद्धा पुष्कळ.

"आणि एक लक्षात ठेवा," काका म्हणाले, "वेग दीडपट झाला की आदळण्याचा जोर सव्वादोनपट होतो. गाडी दोन किलोची असली तरी तिथं पोरं असतात, आजी-आजोबा फिरत असतात."

मित्र गप्प. भाच्याचा विषय निघाला की त्याची टशन आपोआप उतरते.

मग जास्त व्होल्टेज वाईट?

मुळीच नाही. २२० वॅट ताकद ७.४ व्होल्टवर हवी असेल तर ३० अँपिअर करंट लागतो. १४.८ व्होल्टवर तेच काम १५ अँपिअरमध्ये होतं. करंट निम्मा झाला की त्याच वायरमधली उष्णता चौथाईवर येते. म्हणून एक अष्टमांश मापाच्या जड गाड्यांना ४-एस बॅटरी देतात, पण मोटार २००० केव्हीच्या आसपासची. गुणाकार करा, २९,६०० फेरे. फेरे आवाक्यात आणि वायर थंड!

थोडक्यात, व्होल्टेज चढवलं की केव्ही उतरवायचं. दोन्ही चढवले की मोटार तापते, आणि तिच्याआधी कदाचित स्पीड कंट्रोलर जातो. कंट्रोलरवर किती सेल चालतील ते लिहिलेलं असतं. ती मर्यादा ओलांडायची नाही. दगडांवर मुंगीच्या पावलानं गाडी चढवायची हौस असेल, तर सेन्सरवाली मोटार आणि तिला चालणारा कंट्रोलर घ्या. सेन्सर नसलेली मोटार सुरुवातीला अडखळते.

अखेर सौदा ठरला. मोटार ३३०० केव्हीची, बॅटरी २-एस आणि कंट्रोलर मात्र ३-एसपर्यंत चालणारा. पार्किंगपुरता वेग काकांनी कंट्रोलरच्या सेटिंगमध्येच आणखी कमी करून दिला. उद्या मोकळं मैदान मिळालं, तर फक्त बॅटरी बदलायची आणि मोटारीवरचा पिनियन गिअर छोटा बसवायचा. "फास्ट" मोटारीसाठी राखून ठेवलेल्या पैशांत एक चांगला बॅलन्स चार्जरही बसला. गाडीचा पहिला रिमोट भाच्याच्या हातात जाणार, हे मित्रानं दुकानातच जाहीर केलं.

जाण्याआधी एवढं वाचाच

* कसं जाल? गाडी घेऊन जाणं म्हणजे पार्किंगसाठी नवस बोलणं! सप्टेंबर २०२४ पासून मेट्रोचा भुयारी मार्ग स्वारगेटपर्यंत सुरू झालाय. मंडई किंवा कसबा पेठ स्टेशनला उतरा आणि चालत जा. दुकान उघडं आहे ना, ते आधी फोनवर विचारा.
* काय न्याल? गाडीचं माप, वजन, चाकाचा व्यास आणि जुन्या मोटारीचा फोटो.
* बॅटरी जपा. चार्जिंगला सेलमागे ४.२ व्होल्टच्या वर जायचं नाही आणि चालवताना साधारण ३.२ च्या खाली उतरायचं नाही. ठेवून द्यायची असेल तर ३.८ च्या आसपास. फुगलेली बॅटरी पुन्हा वापरू नका. चार्जिंगला लावून झोपू तर अजिबात नका.
* विमानानं परतणार? सुट्या लिपो बॅटऱ्या चेक-इन सामानात चालत नाहीत. टोकं झाकून हँडबॅगेत ठेवा.
* पहिल्या रनला पाच मिनिटांनी थांबा आणि मोटारीला हलकेच बोट लावून बघा. बोट टेकवतच नसेल, तर पिनियन एक-दोन दात लहान करा.

आणि हो, खिशातलं उत्तर विसरू नका. काउंटरवर पहिला प्रश्न तोच येणार आहे, "चालवणार कुठं?"