स्टिअरिंगखालचा गिअर

स्टिअरिंगखालचा गिअर मी २०१८ च्या हिवाळ्यात काढून टाकला आणि २०२१ मध्ये परत बसवला. मधल्या काळात आमची अँबेसिडर चालत होती, बरी चालत होती. पण दार उघडून आत बसलं की दर वेळी काहीतरी खुपायचं. ते काय, हे कळायला मला हुगळी ओलांडावी लागली.

गाडी मार्क ३, १९७७ ची. बाबा साताऱ्याहून नोकरीसाठी कोलकात्याला आले, भवानीपूरला बिऱ्हाड केलं आणि इथलेच झाले. त्या काळात मोटारीसाठी नंबर लावून वर्षानुवर्षं थांबावं लागे. आमचा नंबर लागला तेव्हा मी सहा वर्षांची होते. दादरच्या मामाकडे फियाट होती, कुर्ल्याच्या कारखान्यातली. आमची नदीपलीकडच्या उत्तरपाड्याची. मे महिन्याच्या सुट्टीत मामेभावंडांशी गाड्यांवरून कडाक्याची भांडणं व्हायची. तुमची वजनाने जड, तुमची पेट्रोल पिते, असं सगळं ते म्हणायचे आणि ते खरंच होतं. माझ्याकडे एकच उत्तर होतं: आमच्या गाडीत पुढे तिघं ऐसपैस बसतात. बाबा, आई आणि मध्ये मी. माझे गुडघे गिअरला लागत नसत, कारण गिअर वर, स्टिअरिंगच्या नळीवर होता.

बाबा २००९ मध्ये गेले. सात वर्षं गाडी तळमजल्यावरच्या गॅरेजमध्ये कापडाखाली उभी होती. कोलकात्याची हवा पत्र्याला सोडत नाही. २०१६ मध्ये कापड काढलं तेव्हा ड्रायव्हरच्या पायाखाली बोट सहज आरपार जाईल अशी भोकं पडली होती. मी शाळेत भौतिकशास्त्र शिकवते. यंत्राची भीती नव्हती, पण यंत्राला हात लावण्याची सवयही नव्हती. पहिल्याच रविवारी वॉटर पंपाचा नट १३ च्या पान्याने खोलायला गेले. पाना बसला, जरासा सैल वाटला. जोर लावला आणि नटाचे कोपरे गोल झाले. नट अर्ध्या इंचाचा होता, म्हणजे १२.७ मिलिमीटर. या इंजिनाचं सगळं मोजमाप इंचात आहे आणि तीन दशांश मिलिमीटरचा फरक नटाची वाट लावायला पुरतो. तो नट छिन्नीने तोडून काढावा लागला. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर इंचाचे पाने आणायला मल्लिक बाजारला गेले आणि तिथेच मला एका दुकानातले उस्ताद भेटले.

मल्लिक बाजार म्हणजे पार्क स्ट्रीट जिथे जुन्या लोअर सर्क्युलर रोडला मिळतो तो चौक. एका बाजूला मायकल मधुसूदन दत्तांची कबर असलेलं दफनस्थान, आणि गल्ल्यांमध्ये जुन्या मोटारींचे सुटे भाग छतापर्यंत रचलेली दुकानं. हा सर्क्युलर रोड उत्तरेकडे जिथून जातो, तिथे १७४२ मध्ये मराठ्यांच्या भीतीने कलकत्त्याने खंदक खणायला घेतला होता. पुढे तो बुजवून त्यावर रस्ता झाला. त्या रस्त्यावर एका साताऱ्याकडच्या बाईला कुणी स्टूल पुढे करून चहा देतं, याचं मला अजूनही मनापासून अप्रूप आहे. उस्तादांनी पाने दिले, आणि ‘दीदी, नट को पहले हाथ से पूछो, फिर पाना लगाओ’ एवढंच सांगितलं.

कार्ब्युरेटर त्यांनीच शिकवला. आमच्या गाडीला एसयू कार्ब्युरेटर आहे. वर घंटेसारखी टोपी, आत वरखाली सरकणारा पिस्टन आणि त्याला खाली लावलेली निमुळती सुई. बाजूला पेन्सिलच्या टोकाएवढी एक पिन असते. इंजिन चालू ठेवून ती पिन बोटाने केसभर वर ढकलायची आणि ऐकायचं. इंजिनाचा वेग वाढला आणि वाढलेलाच राहिला, तर पेट्रोल जास्त. इंजिन गुदमरून बंद पडायला लागलं, तर पेट्रोल कमी. क्षणभर उचल खाऊन पुन्हा जागेवर आलं, तर बरोबर. खालचा नट एका वेळी एकच बाजू फिरवायचा, सहा बाजूंमधली एक, आणि परत ऐकायचं. पहिल्या वेळी माझे चार तास गेले. इंजिन जागेवर आलं तेव्हा वरच्या मजल्यावरून आईने हाक मारून विचारलं, ‘झालं का गं?’ तिला आवाजावरून कळलं होतं.

इथवर सगळं दुरुस्तीचं चाललं होतं. बदल करायची वेळ आली ती डायनामोपाशी. डायनामो इंजिनाच्या संथ गतीला बॅटरी जवळजवळ भरतच नाही. जुलैच्या पावसात, रात्री, ट्रॅफिकमध्ये अडकलेल्या गाडीचे दिवे आणि वायपर चालू असले की बॅटरी बसते. आमची दोनदा बसली. मी कटआउटची पेटी काढून अल्टरनेटर बसवला, वायरिंग जाड केलं आणि पुढच्या सीटला पट्टे लावले. या कामाचा मला जराही पस्तावा नाही.

कोलकात्यात जुन्या मोटारींचे दर्दी पुष्कळ आहेत. स्टेट्समनची व्हिंटेज मोटारींची रॅली इथे कित्येक दशकं भरते आणि तिथे मूळपणाला मान असतो. ओळखीचे दोघं-तिघं अल्टरनेटर बघून हळहळले. मला त्यांचं म्हणणं पटत नाही. अँबेसिडर ही मुळात इंग्लंडच्या मॉरिस ऑक्सफर्डची इथे वाढलेली बहीण. पन्नाशीच्या दशकात आली आणि मग अर्धं शतक बदलत राहिली. १४८९ सीसीच्या इंजिनाऐवजी नव्वदच्या दशकात कंपनीनेच इसुझूचं १८०० सीसी इंजिन द्यायला सुरुवात केली. आणि ज्या गाड्यांनी हे शहर वाहिलं, त्या पिवळ्या टॅक्सींचे मिस्त्री मिळेल तो भाग घासूनपुसून बसवत आले. बदल हाच जिचा जन्मभराचा धर्म, तिला एका साली गोठवून काचेत ठेवायची कशाला?

इंजिन बदलायच्या वाटेला मात्र मी गेले नाही. इंजिनाचा नंबर आरसी बुकावर असतो, असे बदल अडवणारं मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ आहे, आणि पंधरा वर्षांवरच्या खासगी गाडीला दर पाच वर्षांनी बेलतलाच्या आरटीओत नेऊन नोंदणी वाढवून घ्यावी लागते. २०२२ च्या एप्रिलमध्ये त्याची फी ६०० रुपयांवरून ५,००० झाली. शिवाय बाबांचं इंजिन चांगलं होतं.

मग गिअर. पहिला, दुसरा ठीक. तिसरा शोधताना दांडा हातात नुसता हेलकावे खायचा, आणि रिव्हर्सला दोन्ही हात लागायचे. एका गॅरेजवाल्याने सांगितलं, या जुन्या गाड्यांचं हे असंच, खाली गिअर घेऊन टाका. मलाही अल्टरनेटरच्या यशाने हुरूप आला होता. पत्रा कापून खाली भोक पाडलं, सळ्यांची नवी जोडणी केली, पुढचं लांब सीट काढून दोन सुटी सीटं बसवली. गिअर लोण्यासारखा पडू लागला. काढलेले भाग मी गोणपाटात बांधून कोपऱ्यात ठेवले. ते फेकून दिले नाहीत, एवढंच त्यातलं शहाणपण.

२० मे २०२० ला अम्फान चक्रीवादळ आलं. रात्रभर वारा, शहरात हजारो झाडं पडली, आमच्या गल्लीतलं कृष्णचूडाचं, म्हणजे गुलमोहराचं, झाडही गेलं. गॅरेजमध्ये पाणी शिरलं आणि मी पाडलेल्या त्या भोकातून गाडीत आलं. आधीच लॉकडाउन, कुणाला बोलावणार? पत्र्याखालची ओल पुसत, गंज खरवडत मी जवळजवळ महिना गाडीच्या फरशीवर बसून काढला. तेव्हा पहिल्यांदा कळलं की ते भोक चुकीच्या जागी आहे. मी लहानपणी बसायचे ती ही जागा.

हावड्याहून बर्धमानच्या लोकलने निघालं की उत्तरपाड्याच्या पुढचं स्टेशन हिंदमोटर. अँबेसिडरच्या कारखान्यावरून स्टेशनाचं नाव पडलं. कंपनी सुरू झाली १९४२ मध्ये, गुजरातेत ओख्याला. १९४८ मध्ये कारखाना इथे आला. २४ मे २०१४ ला काम थांबलं. तीन वर्षांनी ‘अँबेसिडर’ हे नावही ८० कोटी रुपयांना प्यूजोला विकलं गेलं. २०२१ च्या फेब्रुवारीत मी तिथे गेले, हातात ते गोणपाट. उस्तादांनी एका निवृत्त कामगाराचा पत्ता दिला होता. मी त्यांना काकू म्हणते. बंगालीत काकाला काकू म्हणतात. हे आमच्याकडे आलेल्या प्रत्येक मराठी पाहुण्याला समजावून सांगावं लागतं.

काकूंनी अंगणात वर्तमानपत्र पसरलं आणि भाग एकेक करून मांडले, गाडीत ज्या क्रमाने असतात त्याच क्रमाने. मग एक लिव्हर उचलून उन्हाकडे धरला. पिन जिथे बसते ते छिद्र गोल राहिलं नव्हतं, अंड्यासारखं लांबट झालं होतं. दुसऱ्याचंही तेच. दोन्ही बुश झिजून कागदासारखे. ‘इथे थोडं ढिलं, इथे थोडं ढिलं,’ ते म्हणाले, ‘वर तुझ्या हाताशी येईपर्यंत ते चार बोटं होतं, मा. गिअर चांगला होता. त्याला कुणी विचारलं नाही.’

मला गप्प बसावंसं वाटलं. तरफेचा हा धडा मी दर वर्षी नववीला शिकवते. डायनामो मी बदलला तो तपासून, त्याची मर्यादा ओळखून. गिअर बदलला तो तपासण्याचा कंटाळा केला म्हणून. बाहेरून दोन्ही कामं सारखीच दिसतात.

परतीच्या वाटेवर हावड्याला उतरून बेलिलियस रोडला गेले. तिथे लेथच्या दुकानांना खळ नाही. एकाने दोन्ही छिद्रं पितळेने भरली, नव्याने पाडली, बुश कातून दिले. मापाचा कागद काकूंनी लिहून दिला होता, इंचात. फरशीचं भोक पत्र्याने बंद करून झाळलं. लांब सीटची चौकट मल्लिक बाजारात मिळाली, एका मोडीत निघालेल्या टॅक्सीची. टॅक्सी पंधरा वर्षांवर चालवता येत नाहीत, त्यामुळे सध्या बाजारात त्यांच्या भागांचा पूर आहे. उस्ताद म्हणतात, हे संपलं की संपलं. म्हणून मी दारांची हँडलं, ब्रेकचे सिलिंडर, काचांची रबरं जमवून ठेवते आहे. आईला वाटतं मी दुकान काढणार.

आमच्याकडे गाडीची पूजा वर्षातून दोनदा होते. १७ सप्टेंबरला विश्वकर्मा, तेव्हा उस्तादांच्या गल्लीत मांडव, आणि आकाशभर पतंग. नंतर दसऱ्याला आईच्या हातचं झेंडूचं तोरण. २०२१ मध्ये दसऱ्याला काकू नदी ओलांडून आले. हाजरा रोडवरच्या महाराष्ट्र निवासात जायचं होतं. आई कडेला बसली, काकू मध्ये. पहिला टाकला, निघालो, दुसरा, आणि तिसऱ्याला दांडा वर गेला तो सरळ जागेवर जाऊन टेकला. काकूंचे गुडघे मोकळे होते. ते रस्त्याकडे बघत म्हणाले, ‘क्लच जरा उशिरा सोडतेस.’

पुढच्या रविवारी पुढच्या डाव्या चाकाचा किंगपिन खोलायचा आहे. काकूंनी सांगितलंय, आधी ग्रीस भरून बघ, कुठून बाहेर येतंय ते बघ, मग हातोडा घे.