फोनबुकातली माणसं

2021 ची दिवाळी होऊन आठवडा झाला असेल. कोयनानगरहून आईचा फोन आला. "अगं, दादाचा फोटो आलाय मला कुठून तरी. खाली लिहिलंय, हा चोर आहे."

दादा म्हणजे माझा मामेभाऊ. गाडीच्या दुरुस्तीसाठी त्याने एका ॲपवरून चार हजार रुपये घेतले होते. ॲपने कॉन्टॅक्ट्स मागितले, त्याने 'अलाऊ' दाबलं. हप्ता सहा दिवस चुकला आणि तो फोटो आईला, मामीच्या बचत गटातल्या बायकांना, त्याच्या शाळेतल्या सरांनाही गेला. मामी महिनाभर गटाच्या बैठकीला गेली नाही.

आमच्याकडे नंबर जपून ठेवायला कारण आहे. 11 डिसेंबर 1967 ला पहाटे भूकंप झाला, तेव्हा कोण कुठे आहे हे कळायला मार्ग नव्हता. आजही भांडी वाजली की आई आधी फोन उचलते, "तुमच्याकडे हललं का?" पूर्वी हे नंबर एका डायरीत असायचे. ती डायरी कुणी एका बोटाने उचलून नेऊ शकत नव्हतं.

"आपल्याकडे लपवण्यासारखं काय आहे?" हे मीही म्हणायचे. दादाकडेही काही नव्हतं. त्याच्याकडे फक्त माणसं होती, आणि तीच त्याच्याविरुद्ध वापरली गेली. गावालाही आपलं सगळं माहीत असतं, पण गावाचंही आपल्याला माहीत असतं. इथे समोरचा कोण, तेच कळत नव्हतं. शिवाय दादाने होकार दिला तो स्वतःपुरता नव्हता. आईला कुणी विचारलं होतं?

खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे, असं सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी 24 ऑगस्ट 2017 लाच एकमताने सांगितलं होतं. कर्ज देणाऱ्या ॲपने कॉन्टॅक्ट्स, कॉल लॉग, फोटोंच्या फाइल्स यांना हात लावू नये, हा रिझर्व्ह बँकेचा नियम मात्र सप्टेंबर 2022 मध्ये आला. 2023 मध्ये गुगलनेही प्ले स्टोअरवरच्या अशा ॲप्सना तीच बंदी घातली. पण मेसेजमधल्या लिंकवरून उतरवलेलं ॲप प्ले स्टोअरच्या तपासणीतून जातच नाही. म्हणून लिंकवरून काही घ्यायचं नाही, आणि पैशाची फसवणूक झालीच तर लगेच 1930 ला फोन करायचा, हे आता आमच्या घरात लहानांनाही पाठ आहे.

मागच्या सुट्टीत आईच्या फोनमध्ये परमिशन मॅनेजर उघडला. कॉन्टॅक्ट्सच्या यादीत एक टॉर्चचं ॲप निघालं.

"बॅटरीला माझी बहीण कोण हे कशाला हवंय?" आई म्हणाली, आणि तिने ते स्वतःच काढून टाकलं.

मग चष्मा पुसून म्हणाली, "आता तुझा दाखव."

माझ्या फोनमध्ये अशी अकरा ॲप्स निघाली.